घाटात चेन सटकते, ब्रेक किंचाळतात: सेकंडहँड एमटीबीला घरी हात कुठून घालावा

प्रश्न थोडक्यात असा: "साताऱ्यात राहतो. सेकंडहँड हार्डटेल एमटीबी (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक) घेतली आहे. चाकं २७.५ इंची, गिअर ३×८ (पुढे ४२-३२-२२, मागे ११-३२), शिमानोचे एमटी२०० हायड्रॉलिक ब्रेक, सनटूरचा एक्ससीएम फोर्क (पुढच्या चाकाचा शॉक). यवतेश्वरच्या चढावर जोर लावला की चेन सटकते. पावसाळा संपल्यापासून ब्रेक किंचाळतात. फोर्क जाम वाटतो. इथले दुकानदार स्क्रू फिरवून देतात, चार दिवसांनी पुन्हा तेच. दरवेळी पुण्याला नेणं जमत नाही, म्हणून घरीच शिकायचं आहे. शिवाय १×१२ गिअर (पुढे एक चकती, मागे बारा), ट्यूबलेस टायर आणि एअर फोर्क (स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा) टाकायचा विचार आहे. सुरुवात कुठून करू?"

सुरुवात फूटपट्टीने करा. शाळेतली प्लास्टिकची नको. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी स्टीलची घ्या, जिच्यावर इंचाचे सोळावे भाग कोरलेले असतात. तुमच्या यादीतली पहिली तक्रार तिच्यानेच सुटेल, आणि नव्या गिअरवर पैसे घालायचे की नाही हेही बरंचसं मापांवरच ठरणार आहे. दुकानातली दुरुस्ती चार दिवस टिकते, कारण तिथे सटकण्याचं कारण शोधायच्या आधीच पेचकस बाहेर येतो.

आता चेन. "सटकते" या एका तक्रारीमागे चार वेगळे आजार असतात आणि ते सायकलवर बसूनच ओळखता येतात. मागच्या दोन-तीन चकत्यांवरच, तेही उभं राहून जोर लावल्यावर चेन खाडकन उडत असेल आणि पुन्हा त्याच चकतीवर बसत असेल, तर चेन आणि त्या चकत्यांचे दात झिजलेत. चेन टिकटिक करत शेजारच्या चकतीवर जाऊ पाहत असेल, तर दोष केबलचा किंवा डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर ढकलणाऱ्या भागाच्या) हँगरचा. चकती कुठलीही असो, ठरावीक वेळाने एकदा हिसका बसत असेल, तर चेनची एखादी कडी घट्ट झाली आहे. पायडल हळूहळू उलटं फिरवत मागच्या छोट्या पुलीकडे बघा, घट्ट कडी तिथे टुणकन उडी मारताना दिसते. ती कडी दोन्ही अंगठ्यांनी आडवी वाकवून सैल करायची आणि वर तेलाचा एक थेंब सोडायचा. चौथा आजार म्हणजे चेन चकतीवरून उडत नाही, पण पायडल आणि चेन मोकळी पुढे धावतात, चाक ओढलं जात नाही. तो मागच्या हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) आतल्या खटक्यांचा, आणि त्याचं काम घरी करू नका.

तुमचं वर्णन पहिल्या आजाराशी जुळतं, तरी मोजून खात्री करा. चेनच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी असतं. पायडलवर हात दाबून वरची चेन ताणा, पट्टीचं शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. नव्या चेनवर ती बरोबर १२ इंचांवर येते. १२ इंचांच्या पुढे एक सोळांश इंच गेली, तर चेन अर्धा टक्का वाढली. एक अष्टमांश इंच गेली, तर एक टक्का. ८ गिअरच्या चेनला मी एक सोळांश ओलांडलं की नवी मागवतो. १०, ११, १२ गिअरवाल्यांनी त्या खुणेपर्यंतही थांबू नये. एक अष्टमांशावर पोचलेल्या चेनने कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, खाल्लेली असते. तिथे नुसती चेन बदलली तर नवी चेन जुन्या दातांवर आधीपेक्षा जास्त सटकते, आणि मग "नवीन चेन डुप्लिकेट निघाली" असं वाटायला लागतं. चेन ताणली जात नाही, तिच्या पिना आणि त्यांच्या बसायच्या जागा घासतात. घासणारी गोष्ट म्हणजे तेलात मिसळलेली बारीक माती. म्हणून चेन वेळेवर बदलणं हा कॅसेट वाचवायचा सर्वात स्वस्त मार्ग आहे: एका कॅसेटवर दोन-तीन चेन सहज निघतात.

नवी चेन ८ गिअरचीच घ्या. तिची बाहेरची रुंदी साधारण ७.१ मिमी असते, ९ गिअरची ६.६. क्विक लिंकही (चेनची उघडता येणारी जोडकडी) त्याच मापाची लागते. लांबी ठरवताना जुनी आणि नवी चेन शेजारी लटकवून टोकं जुळवू नका, कारण जुनी वाढलेली आहे. कड्या मोजा. जुनी चेनच चुकीच्या लांबीची असेल असा संशय असेल (सेकंडहँडमध्ये असतो), तर नवी चेन डिरेलरमधून न ओवता पुढच्या सर्वात मोठ्या आणि मागच्या सर्वात मोठ्या चकतीवरून गुंडाळा, आणि जिथे टोकं भेटतात त्याच्यापुढे एक इंच, म्हणजे दोन कड्या जास्त ठेवून तोडा. क्विक लिंक उघडायची पक्कड नसली तर सुतळीचा फास लिंकच्या दोन्ही पिनांमागून घालून ओढा, सुटते. जुनी चेन फेकू नका. तिचा फूटभर तुकडा एका जाड लाकडी पट्टीला दोन स्क्रूंनी ठोकला की कॅसेट धरून ठेवायचं हत्यार घरीच तयार होतं. मग फक्त कॅसेटच्या लॉकरिंगची दातेरी चावी विकत घ्यावी लागते. लॉकरिंग परत बसवताना मात्र दम लावा. त्याला सुमारे ४० न्यूटन मीटर लागतात आणि लोक ते अर्ध्यावर सोडतात.

चेन धुवायला डिझेल चालतं, टर्पेंटाइन त्याहून बरं. पेट्रोल नको, घरात, गॅसजवळ तर अजिबात नको. रुंद तोंडाच्या बाटलीत चेन आणि टर्पेंटाइन घालून खळखळवा, दोनदा बदला, मग भांड्याच्या साबणाच्या कोमट पाण्याने धुवा आणि पूर्ण सुकू द्या. ओल्या चेनवर तेल सोडणं म्हणजे पाणी आत कोंडणं. प्रत्येक रोलरवर एक थेंब, पायडल उलटं फिरवत. दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल कापडाने पुसून काढा. बाहेरून चमकणारी, ओशट चेन बघून बरं वाटतं, पण त्या बाहेरच्या तेलाचा उपयोग फक्त धूळ चिकटवायला. पावसाळ्यात घट्ट, ओल्या हवेचं तेल आणि दिवाळीनंतर पातळ, कोरडं, एवढा फरक केला तरी पुरे. गंज सोडवायचा स्प्रे हे चेनचं तेल नाही. तो असलेलं तेलही धुऊन काढतो आणि त्याचा तुषार डिस्कवर गेला तर ब्रेकचं काम वाढवतो.

आणि मोटारसायकल धुण्याच्या सेंटरवर सायकल नेऊ नका. प्रेशरचं पाणी हबच्या, हँडलच्या आणि क्रँकच्या (पायडलच्या दांड्यांच्या) बेअरिंगमध्ये शिरतं, आतलं ग्रीस बाहेर काढतं, आणि महिन्याभराने कुठूनतरी करकर सुरू होते. बादली, मऊ ब्रश, पाण्याची हलकी धार. चाकांमध्ये अडकलेली काळी माती वाळू द्या, मग निम्मी झटकून जाते. ती ओली असताना खरवडली तर फ्रेमचा रंगही जातो.

चेन ठीक निघाली किंवा बदलूनही टिकटिक राहिली, तर गिअर लावायचे. क्रम महत्त्वाचा आहे: आधी हँगर, मग केबल, मग मर्यादेचे दोन स्क्रू, शेवटी केबलचा बारीक नट. दुकानात नेमका उलटा क्रम चालतो. एच आणि एल लिहिलेले स्क्रू फिरवले जातात, आणि त्यांचा मधल्या गिअरशी काही संबंध नसतो. ते फक्त चेनला लहान चकतीवरून फ्रेमकडे आणि मोठ्या चकतीवरून आऱ्यांकडे जाण्यापासून अडवतात. एकदा नीट लावले की वर्षानुवर्षं हात लावायची गरज पडत नाही.

सेकंडहँड सायकल कधी ना कधी उजव्या बाजूवर पडलेली असते, आणि डिरेलर ज्या कानाला लटकतो तो कान, म्हणजे हँगर, मऊ अॅल्युमिनियमचा असल्यामुळे वाकलेला असतो. तो मुद्दामच मऊ केलेला असतो, फ्रेम वाचावी म्हणून. मागे बसून बघा: डिरेलरच्या दोन पुल्यांची रेघ मागच्या चकत्यांना समांतर हवी. खालची पुली चाकाकडे झुकली असेल तर कितीही नट फिरवा, तीन गिअर लागतील आणि चौथा बिघडेल. हँगर सरळ करायचं खास हत्यार महाग आहे, पण एक जुगाड चांगला चालतो. हँगरच्या भोकाचा आटा १० मिमी जाडीचा, १ मिमी अंतराचा असतो, आणि बऱ्याच साध्या गिअरवाल्या सायकलींच्या मागच्या भरीव एक्सललाही हाच आटा असतो. भंगारात तसं मागचं चाक मिळालं तर डिरेलर काढून ते चाक हँगरमध्ये हाताने फिरवत बसवा. आता दोन चाकं शेजारी समांतर दिसतील. वर, खाली, पुढे, मागे अशा चार ठिकाणी दोन्ही रिममधलं अंतर मोजा. मागचं चाक थोडं आउट (डुगडुगणारं) असू शकतं, म्हणून प्रत्येक वेळी त्याचा वाल्व्ह मोजायच्या जागी आणून मोजा. फरक ३-४ मिमीच्या आत येईपर्यंत जुगाडाचं चाक धरून हलक्या हाताने वाकवा. जुन्या काळ्या सायकलीचं चाक यासाठी वापरू नका. तिचे आटे बहुधा इंची मापाचे असतात, पहिले दोन फेरे बसल्यासारखे वाटतात आणि मग हँगरचे आटे मारतात. अॅल्युमिनियम दोन-तीनदा वाकवलं की तुटतं. म्हणून तुमच्या फ्रेमच्या मॉडेलचा एक सुटा हँगर मागवून सीटखालच्या पिशवीत ठेवा. हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत. "एमटीबीचा हँगर" असं काही नसतं.

केबलबद्दल एवढंच, की मागच्या डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात चिखल साठतो आणि तिथेच ती अडते. आतली तार आणि बाहेरचं आवरण दोन्ही बदला, काही शे रुपयांचं काम आहे. गिअरचं आवरण आणि ब्रेकचं आवरण वेगळं असतं. गिअरच्या आवरणात तारा लांबीने सरळ जातात, ब्रेकच्या आवरणात गुंडाळलेल्या असतात. ब्रेकचं आवरण गिअरला लावलं तर गिअर भोंगळ लागतात. उलट केलं, म्हणजे तारेच्या ब्रेकला गिअरचं आवरण लावलं, तर जोरात ब्रेक दाबल्यावर ते फाटू शकतं. रस्त्याकडेच्या दुकानात "दोन्ही एकच" म्हणून देतात. एकच नाहीत.

ब्रेककडे वळू. किंचाळणं हे बहुतेक वेळा पॅडवर तेल किंवा घाण बसल्याचं लक्षण असतं, आणि बहुतेक वेळा ते तेल चेनवर मारलेल्या स्प्रेचं असतं. डिस्कला बोटंही लावू नका, हाताचा ओशटपणा पुरतो. आधी डिस्कचे सहा बोल्ट (टी-२५ टॉर्क्स) आणि कॅलिपरचे (पॅड धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट सैल नाहीत ना बघा, कारण सैल बोल्टही ओरडतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल स्वच्छ कापडावर घेऊन डिस्क पुसा. पॅड बाहेर काढा, बारीक पॉलिश पेपर सपाट फरशीवर ठेवून पॅडचा वरचा चकाकणारा थर घासून मॅट करा. पॅड आतपर्यंत तेलाने काळं पडलेलं असेल तर त्याच्यावर प्रयोग नको. गॅसवर भाजून तेल जाळायचा उपाय सगळीकडे सांगतात. त्याने पॅडचा चिकटवलेला थर सुटण्याचा धोका असतो, आणि घाट उतरताना सुटलेला थर परवडणारा नाही. एमटी२०० चे रेझिन पॅड स्वस्त आहेत. घासायच्या थराची जाडी अर्ध्या मिलिमीटरवर आली की तसेही बदलायचेच, आणि पावसातली वाळू रेझिन पॅड फार लवकर खाते. डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" असं कोरलेलं आहे का तेही वाचा. तसं असेल तर जास्त टिकतात म्हणून धातूचे पॅड आणू नका, मऊ डिस्क झिजवून टाकतील.

नवे पॅड बसवल्यावर सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी २० किमीच्या आसपास वेग घ्या आणि चालण्याच्या वेगापर्यंत एकसारखा ब्रेक दाबत आणा, चाक न अडकवता. असं वीसेक वेळा, पुढचा आणि मागचा वेगवेगळा. पहिल्या दोन-चार वेळा ब्रेक लागतच नाहीत असं वाटेल, मग पकड वाढत जाते. हे न करता थेट यवतेश्वरच्या उतारावर गेलात तर पॅडचा पृष्ठभाग भाजून काचेसारखा होतो आणि किंचाळणं पुन्हा पहिल्यापासून.

चाक काढलेलं असताना ब्रेकचा लिव्हर दाबू नका. पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. मधे पुठ्ठ्याची घडी अडकवून ठेवा. डिस्क एका बाजूला घासत असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे सैल करा, लिव्हर दाबून धरा आणि तसाच धरून बोल्ट आवळा. नव्वद टक्के घासणं यात जातं. पंक्चर काढायला सायकल उलटी ठेवल्यानंतर लिव्हर भुसभुशीत लागला तर घाबरू नका: लिव्हरजवळच्या तेलाच्या टाकीतली हवा नळीकडे गेलेली असते. सायकल सरळ उभी करून लिव्हर दाबत राहा, बहुधा ती परत वर येते. तरीही लिव्हर हँडलला टेकत असेल तरच तेल बदलायचं. आणि ते तेल मिनरल ऑइलच. मोटारसायकलच्या गॅरेजमध्ये बाटलीतलं डॉट फ्लुइड भरून मिळतं, ते या ब्रेकचे रबरी सील फुगवून निकामी करतं. उलट, ज्या ब्रेकवर डॉट लिहिलंय त्यात मिनरल ऑइल चालत नाही. सेकंडहँड सायकलीत आधीच्या मालकाने काय भरलंय हे माहीत नसतं. टाकीतलं तेल उघडून बघा: शिमानोचं मिनरल ऑइल नवं असताना लालसर गुलाबी असतं आणि त्यात पाणी मिसळत नाही. डॉट फ्लुइड पाण्यात विरघळतं. थेंबभर तेल वाटीभर पाण्यात टाकलं की कळतं.

फोर्कबद्दल थोडं निराश करणार आहे. एक्ससीएम स्प्रिंगचा फोर्क आहे. वरची निळी किंवा काळी घुंडी फिरवून स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची एवढंच ठरतं, तिची मूळ ताकद बदलत नाही. तुमचं वजन ६० किलोच्या आसपास असेल तर तो कडकच लागणार. पण "जाम" हा शब्द तुम्ही वापरलाय, म्हणून आतलं ग्रीस वाळलेलं किंवा चिखल गेलेला असण्याची शक्यता जास्त. पुढचं चाक आणि ब्रेकचा कॅलिपर काढा. फोर्कच्या दोन्ही पायांच्या तळाशी एकेक बोल्ट असतो. ते काही आटे सैल करा, पूर्ण काढू नका, आणि रबरी हातोडीने बोल्टच्या डोक्यावर हलके ठोका म्हणजे आतला दांडा सुटेल. मग बोल्ट काढून खालचे पाय ओढून बाहेर घ्या. आतलं काळं ग्रीस कापड गुंडाळलेल्या काठीने पुसा, वरच्या नळ्या पुसा, आतल्या बुशवर फोर्कसाठीचंच ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचं लिथियमचं ग्रीस नको, ते सीलला मानवत नाही. जोडताना तळाचे बोल्ट जेमतेम घट्ट, ताकद दाखवायची जागा ही नाही. पहिल्यांदा दुपार जाते, दुसऱ्यांदा तास. हे करण्याआधी पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवून बघा. खडखड हँडलच्या बेअरिंगमधून येत असेल तर ती आवळता येते. फोर्कच्या दोन नळ्यांच्या जोडावर बोट ठेवल्यावर तिथेच ढिलाई जाणवत असेल, तर बुश झिजलेत, आणि या किमतीच्या फोर्कचे सुटे बुश शोधण्यात वेळ घालवू नका.

हब हा मात्र घरी करायचा सर्वात समाधानाचा भाग. या खेळात ग्रीसचं स्थान फार जुनं आहे: १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जुन्या, जाडजूड सायकलींवर डोंगर-उताराच्या शर्यती लागत, मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे की ग्रीस जळून जाई आणि उतार संपला की हब उघडून पुन्हा भरावं लागे. तुमचं हब तेवढं तापणार नाही, पण पावसाळ्यानंतर एकदा उघडाच. कोन आणि छर्ऱ्यांचं शिमानो हब असेल तर पुढे बहुधा १३ आणि मागे १५ मिमीचा पातळ पान्हा लागतो. छर्रे पुढे ३/१६ इंची, प्रत्येक बाजूला १०. मागे १/४ इंची, प्रत्येक बाजूला ९. नवे छर्रे स्वस्त असतात, जुने धुऊन परत घालायचा मोह टाळा. कप आणि कोन पुसून आरशासारखे दिसले पाहिजेत. कोनावर खड्डे पडले असतील तर कोन बदला. कपावर पडले असतील तर हबच गेलं. आवळताना चाक हातात असेल तेव्हा एक्सलला अगदी नावाला ढिलाई ठेवा, कारण क्विक रिलीजचा खटका बंद केल्यावर एक्सल किंचित दबतो आणि ती ढिलाई संपते. हातात असतानाच परफेक्ट केलेलं हब सायकलवर गेलं की जड फिरतं.

चाकाचं आउट काढायचं काम मात्र साताऱ्यातल्या एखाद्या जुन्या सायकलवाल्याला द्या. आयुष्यभर आऱ्यांवर हात फिरवलेला माणूस ते दहा मिनिटांत करतो, आणि त्याला तुमच्या हायड्रॉलिक ब्रेकमधलं काही ठाऊक नसलं तरी काही बिघडत नाही. फक्त डिस्क काढून चाक न्या, आणि तेल लावू नका म्हणून सांगा.

पायडल आणि क्रँकमध्ये दोन उलटे आटे असतात. डावं पायडल उलट्या आट्याचं, आणि क्रँकच्या बेअरिंगचा (बॉटम ब्रॅकेटचा) उजवा कप उलट्या आट्याचा. चौकोनी एक्सलचा क्रँक ओढून काढायला पुलर लागतो, हातोडी चालत नाही. बाकी हत्यारांत ४, ५, ६, ८ मिमीच्या चांगल्या अॅलन की, १५ मिमीचा पायडल पान्हा, चेन तोडायचं हत्यार, केबल कापायचा कटर आणि जमलं तर छोटा टॉर्क रेंच. स्टेमचे (हँडल फ्रेमला जोडणाऱ्या तुकड्याचे) बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटरवर आवळायचे असतात, आणि अंदाजाने आवळणारे बहुतेक जण त्याच्या दुप्पट आवळतात.

आता नव्या गोष्टी. यादीतली ट्यूबलेसची कल्पना सर्वात चांगली आहे, आणि तिचं कारण बाभूळ. तुम्ही पश्चिमेला कासच्या रस्त्याने जाता तोवर ठीक आहे; पूर्वेला कोरेगाव, खटाव, माणकडे मातीच्या वाटांवर गेलात की एका फेरीत तीन काटे घुसतात. पण आधी रिमवर ट्यूबलेस रेडी असं लिहिलंय का बघा. सायकलसोबत आलेली साधी रिम आणि तारेच्या कडेचा टायर असेल तर टेप गुंडाळून केलेलं ट्यूबलेस वळणावर कमी हवेत सुटू शकतं. तसं असेल तर मधला मार्ग घ्या: तुमच्या ट्यूबचा वाल्व्ह मोटारसायकलसारखा असेल तर त्याचा गाभा छोट्या चावीने निघतो, ट्यूबमध्ये सीलंट (भोकं आपोआप बुजवणारा द्रव) घाला. पूर्ण यश नाही, पण बारीक काट्यांची पंक्चर बरीच थांबतात. रिम योग्य असेल तर २.२५ रुंदीच्या टायरला सुमारे ९० मिली सीलंट, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते फार लवकर वाळतं, दर दोन महिन्यांनी गाभा काढून बघा. टायर रिमवर बसवायला हवेचा जोरदार झोत लागतो, तो पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर देतो. बारीक प्रेस्टा वाल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर सोबत न्या, आणि दुकानदार अंगठ्याने दाबून ५० पीएसआय भरायच्या आत त्याला थांबवा. ७० किलोच्या माणसाला ट्यूबसकट पुढे २६, मागे ३० च्या आसपास; ट्यूबलेसमध्ये ३-४ कमी. हवा कमी केल्यावर फोर्क अचानक मऊ लागायला लागतो, आणि त्यात नवल काही नाही. यासाठी मापकाटा असलेला, जमिनीवर ठेवायचा पंप घ्या, पहिल्या खरेदीत.

त्यानंतर पैसे शरीर जिथे सायकलला टेकतं तिथे घाला: पिना असलेली सपाट पायडलं, नीट ग्रिप, आणि स्टेम ८०-९० मिमीचा असेल तर ५०-६० चा. उतारावर सायकल लगेच वेगळी वागते. स्टेम घेताना हँडलची मधली जाडी मोजा, ३१.८ मिमी की २५.४. हँडल कापायचं असेल तर दोन्हीकडून एका वेळी एक सेंटिमीटरच.

एअर फोर्कसाठी तीन मापं जुळावी लागतात. हँडलच्या नळीत जाणारा दांडा सरळ २८.६ मिमी आहे की खाली दीड इंचापर्यंत रुंदावणारा, पुढच्या चाकाचा एक्सल ९ मिमीचा क्विक रिलीज आहे की १५ मिमीचा, आणि आताच्या फोर्कचा प्रवास, म्हणजे तो किती मिमी दबतो. सरळ नळीच्या फ्रेमला क्विक रिलीजचा चांगला एअर फोर्क मिळणं दिवसेंदिवस अवघड होतंय. १०० मिमीच्या जागी १२० पर्यंत जा. त्यापुढे सायकलचं पुढचं टोक उचललं जातं, हँडलच्या नळीचा कोन साधारण एका अंशाने पडतो, चढावर चाक भरकटतं आणि फ्रेमच्या डोक्यावर तिच्यासाठी न मोजलेला ताण येतो.

राहिलं १×१२. आकडे मांडून बघू. तुमचा सर्वात हलका गिअर पुढे २२, मागे ३२, म्हणजे गुणोत्तर ०.६९. एका मिनिटाला ६० पायडल मारली तर ताशी साधारण साडेपाच किमी. यवतेश्वरला हा गिअर तुम्ही वापरत असणार. पुढे एकच ३० दात्यांची चकती आणि मागे ११-४२ ची ९ गिअरची कॅसेट टाकली तर सर्वात हलकं गुणोत्तर ०.७१ येतं, म्हणजे जवळजवळ तेवढंच. वरच्या टोकाला मात्र ४२-११ चं ३.८२ जाऊन ३०-११ चं २.७३ उरतं: मिनिटाला ९० पायडलला ४५ ऐवजी ३२ किमी. हायवेवर ते जाणवेल, मातीवर नाही. म्हणजे तुमची चढाची गरज १×९ भागवतं, आणि मागचा हब कॅसेटचा असेल तर (८ गिअरवर बहुधा असतो) तो तसाच वापरता येतो. पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर (हँडलवरची गिअर बदलायची कळ) आणि केबल कायमची जाते. नवी कॅसेट, चेन, शिफ्टर, मागचा डिरेलर आणि दाते आलटून-पालटून जाड-बारीक असलेली पुढची चकती घ्यावी लागते. जुना डिरेलर ४२ दात्यांपर्यंत पोचत नाही, हँगर लांब करायची पट्टी लावून पोचवणारे आहेत, पण मग लहान चकत्यांवर गिअर ढिले लागतात. एक गोष्ट आधी तपासा: क्रँकच्या तीन चकत्या बोल्टने लावल्यात की रिव्हेटने ठोकल्यात. या किमतीच्या सायकलींवर बऱ्याचदा रिव्हेट असतात, आणि मग पूर्ण क्रँकच बदलावा लागतो.

१×१२ ची कॅसेट १० दात्यांच्या चकतीपासून सुरू होणारी असेल, तर याशिवाय वेगळ्या खाचांचा हब, म्हणजे व्यवहारात मागचं चाकच, नवं लागतं. त्यावर एअर फोर्क आणि ट्यूबलेस रिम धरल्या तर सेकंडहँड सायकलीला दिलेल्या पैशांपेक्षा जास्त पैसे तिच्यावर लागतील, आणि फ्रेम तरीही सरळ नळीची, क्विक रिलीजचीच राहील. एवढाच खर्च करायचा असेल तर या वर्षी चेन, कॅसेट, पॅड, ग्रीस आणि टायर करून ती चालवा, हात बसू द्या, आणि पुढच्या वर्षी ती विकून रुंदावणाऱ्या नळीची, थ्रू एक्सलची (फ्रेममधून आरपार जाणाऱ्या जाड एक्सलची), एअर फोर्क असलेली वापरलेली सायकल शोधा. तोपर्यंत समोरच्याची चेन मोजून किंमत पाडून मागण्याइतकं तुम्हाला येत असेल.